कानातल्या आवाजावर लेझर: पैसे भरण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: "वडील ५९ वर्षांचे. इचलकरंजीत तीसेक वर्षं यंत्रमागावर काम केलं. चार वर्षांपासून दोन्ही कानांत किर्र आवाज येतो, डाव्यात जास्त. रात्री झोप लागत नाही. एका दवाखान्यात कानात लेझर सोडण्याचा कोर्स सुचवलाय, दहा सिटिंगचे ४० हजार. घरी वापरायचं लाल दिव्याचं मशीनही ऑनलाइन मिळतं. शेजारच्या काकांना म्हणे फरक पडला. करावं का?"

करू नका. आत्ता तर नकोच, आणि सगळे पैसे आगाऊ भरून कधीच नको.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीची तज्ज्ञ आहे. कानात शिट्टी वाजते, रातकिडे ओरडतात, कुकर फसफसतो, अशा तक्रारी घेऊन येणारी माणसं रोज बघते. लेझरवर माझा राग नाही. त्यामागची कल्पना चांगली आहे, म्हणूनच तर ती इतकी वर्षं टिकून आहे. ती कुठे अडते ते सविस्तर सांगते, कारण नुसतं "नको" म्हटलं तर तुम्ही दुसऱ्या दवाखान्यात जाल आणि तिथेही हेच मशीन असेल.

पण त्याआधी डाव्या कानाबद्दल. तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग "डाव्यात जास्त" हा आहे. मागाच्या शेडमधला गोंगाट दोन्ही कानांवर जवळपास सारखाच पडतो, त्यामुळे त्याने होणारं नुकसानही साधारण दोन्हीकडे सारखं असतं. एकच कान उघडपणे जास्त बिघडला असेल तर कारण शोधावं लागतं. कधी ते कानात घट्ट बसलेल्या मळाइतकं साधं निघतं. क्वचित तोल सांभाळणाऱ्या नसेवर हळूहळू वाढणारी, कर्करोगाची नसलेली गाठ निघते. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्या, मग प्युअर टोन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी करा. दोन कानांच्या आलेखांत (ऑडिओग्राममध्ये) ठळक फरक असला तर डॉक्टर एमआरआय सांगतील. तो टाळू नका. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, चक्कर येत असेल, तोंड एका बाजूला ओढलं जात असेल, तर लगेच जा. आणि एखाद्या दिवशी एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर ती तातडीची वेळ समजा. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत होतो, त्यानंतर झपाट्याने कमी होत जातो. "सर्दी झाली असेल, बघू" म्हणत महिना घालवलेले पेशंट मला अजूनही भेटतात.

आता लेझर. बुडापेस्टमध्ये १९६७ साली एंद्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तिथे कमी ताकदीचा रुबी लेझर सोडला. लेझरने कर्करोग होतो का, हे त्यांना बघायचं होतं. कर्करोग झाला नाही, पण लेझर मिळालेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. तिथून या शाखेची सुरुवात झाली. आज तिला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. पेशीतल्या मायटोकाँड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. ते लाल आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश शोषतं, त्यामुळे पेशीला ऊर्जा जास्त मिळते आणि ती सावरते, असा हा सिद्धांत आहे. तो सगळाच्या सगळा सिद्ध झालेला नाही, पण भोंदूपणाही नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्यांना तोंड सोलून निघाल्यासारखं होतं. ते टाळण्यासाठी असा लेझर वापरावा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. त्या पुराव्यात आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या मणिपालच्या चाचण्यांचाही वाटा आहे. म्हणजे प्रकाश औषधासारखा काम करू शकतो, हे मला मान्य आहे. तोंडाच्या आतली त्वचा मात्र समोर असते, तिच्यावर प्रकाश थेट पडतो.

(जाता जाता: काविळीच्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, सोरायसिसला अतिनील किरण देतात, हिवाळ्यातल्या नैराश्यासाठी सकाळी प्रखर पांढऱ्या दिव्यासमोर बसवतात. हे तिन्ही खरे उपचार आहेत, पण त्यांचा कानाशी संबंध नाही. जाहिरातीत ते एकाच दमात मोजलेले दिसले तर सावध व्हा.)

कानात काय होतं ते बघू. लेझरचं टोक कानाच्या नळीत घालतात. नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, मग पडदा, त्यामागे मध्यकर्णाची पोकळी, मग हाडाची भिंत, आणि त्या भिंतीआड कॉक्लिया, म्हणजे शंखाच्या आकाराचं ऐकण्याचं मूळ इंद्रिय. कवटीतल्या सर्वांत टणक हाडात ते कोरल्यासारखं बसलेलं असतं. म्युनिकच्या संशोधकांनी मृत माणसांची ही हाडं घेऊन आत प्रकाश किती पोचतो ते मोजलं आणि २००१ साली प्रसिद्ध केलं. नळीतून सोडलेला प्रकाश काही प्रमाणात पोचतो, पण कॉक्लियाच्या एका वेढ्यात आणि दुसऱ्या वेढ्यात दहा पटींपर्यंत फरक पडतो. कानामागच्या हाडावर दिवा टेकवला तर पोचणारा प्रकाश त्याच्याही हजार पटींहून कमी. हेडफोनसारखी, बाहेरून कानामागे लावायची लाल दिव्याची जी मशीन मिळतात, त्यांच्यासाठी एवढा एक आकडा पुरे आहे.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत हा असमान प्रकाश आणखी अडचणीचा. गोंगाटाने होणारं नुकसान सहसा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं, आणि कानातला आवाजही बहुधा त्याच उंच पट्टीत ऐकू येतो. कॉक्लियाच्या वेगवेगळ्या वेढ्यांत वेगवेगळ्या पट्ट्या असतात. कोणत्या वेढ्याला किती प्रकाश मिळाला, हे जिवंत माणसात कोणीही मोजू शकत नाही. दवाखान्यातल्या मशीनच्या पडद्यावर जो आकडा दिसतो तो मशीनमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा असतो.

उंदरांवरचे निकाल चांगले आहेत, हे खरं. कोरियातल्या डानकूक विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. मोठा आवाज किंवा कानाला घातक औषध देऊन उंदरांच्या कानाला इजा केली, मग लेझर दिला, तर केशपेशी (कॉक्लियातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी) जास्त वाचल्या. पण उंदराचा कान केवढासा, त्यातलं हाड किती पातळ! शिवाय त्यांना इजेनंतर लगेच उपचार मिळाले. तीस वर्षं मागाखाली झिजलेल्या केशपेशी आता शिल्लकच नाहीत. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जे उरलेलं नाही त्याला प्रकाश काय देणार?

यापेक्षाही मोठी अडचण अशी, की वडिलांना ऐकू येणारा तो किर्र आवाज बहुतेक वेळा कानात नसतोच. कानाकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो. रेडिओचं स्टेशन नीट लागेना म्हणून आवाज वाढवावा आणि सोबत खरखरही वाढावी, तसं होतं. याचा सर्वांत कठोर पुरावा शस्त्रक्रियेतून मिळाला. गाठ काढताना ऐकण्याची नस कापावी लागलेल्या कित्येक लोकांना त्यानंतरही त्या बाजूला आवाज येत राहिला. कान आणि मेंदू यांच्यातली तारच तोडली, तरी आवाज आहे! मग कॉक्लियाची डागडुजी करून तो जाईल, ही आशा मुळातच अर्धवट ठरते. अमेरिकेत १९५३ साली नीट ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तर त्यातल्या ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू येतो असं सांगितलं. शांततेत मेंदू गप्प बसत नाही. तुमच्या वडिलांना रात्रीच जास्त त्रास का होतो, याचं उत्तरही यात आहे.

चाचण्यांकडे वळते. जर्मनीत १९८०च्या दशकात गिंको या झाडाच्या अर्काचं इंजेक्शन आणि लेझर एकत्र देण्याची टूम निघाली. १९९३ साली तिथल्याच एका तपासणीत त्याचा फायदा दिसला नाही. १९९७ मध्ये जपानमधून आशादायक बातमी आली: ३८ पेशंट, ८३० नॅनोमीटर तरंगलांबीचा ४० मिलिवॉट लेझर, आठवड्यातून एकदा ९ मिनिटं, असं दहा वेळा. निम्म्याहून जास्त लोकांनी आवाज कमी झाल्याचं सांगितलं. तुम्हाला सांगितलेला दहा सिटिंगचा कोर्स बघा, साचा तोच आहे. फक्त त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

ती उणीव इतरांनी भरून काढली. १९९९ मध्ये डेन्मार्कमध्ये आणि २००२ मध्ये जपानमध्येच खरा लेझर आणि बंद लेझर अशी तुलना झाली. ८३० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे मशीन चालू आहे की बंद हे पेशंटला कळायला मार्ग नसतो. बंद मशीनशी तुलना याहून चोख करता येत नाही. दोन्ही ठिकाणी फरक निघाला नाही. जपानच्या अभ्यासात एका पेशंटचं तिसऱ्या वेळेनंतर अचानक ऐकणं कमी झालं. ते लेझरमुळेच झालं असं म्हणता येणार नाही, पण "साइड इफेक्ट शून्य" असं छापणाऱ्यांनी हेही छापावं.

मला सर्वांत बोलकी वाटते ती इटलीतली जोडी. घरी वापरायचा ६५० नॅनोमीटरचा, ५ मिलिवॉटचा लाल लेझर, रोज २० मिनिटं, तीन महिने. २००८ च्या अभ्यासात लेझरसोबत समुपदेशन आणि शरीर सैल सोडण्याचे व्यायामही होते. लेझर मिळालेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोकांचा त्रास एक पायरी खाली आला, आणि खोटं मशीन मिळालेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांचा. पुढच्याच वर्षी मिलानमध्ये ६० पेशंटवर त्याच ताकदीचा लेझर, तेवढाच वेळ, तेवढेच महिने वापरून पाहिला, आणि खऱ्या-खोट्या मशीनमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मलेशियातल्या २०१४ च्या चाचणीतही तेच. २०२० मध्ये अशा सगळ्या चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला, तेव्हा लेझरच्या बाजूने काही उरलं नाही. विकणारे तुम्हाला २००८ चा कागद दाखवतील. तो खराच असतो, खोटं कोणी बोलत नाही. बाकीचे कागद तेवढे कपाटात राहतात.

तर मग शेजारच्या काकांचं काय? त्यांना बरं वाटलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. वर तो ३५ टक्क्यांचा आकडा आहे ना, तो बंद मशीनचा आहे, तो पुन्हा वाचा. कानातला आवाज रोज सारखा नसतो, चढ-उतार होतात. माणूस पैसे मोजायला कधी तयार होतो? त्रास सगळ्यात वर असतो तेव्हा. त्यानंतर काही केलं किंवा नाही केलं तरी तो बहुधा खाली येतो. त्यात कोणीतरी आठ-दहा वेळा बसवून घेतं, विचारपूस करतं, काहीतरी चाललंय असा दिलासा मिळतो, भीती कमी होते. भीती कमी झाली की मेंदू त्या आवाजाकडे कमी लक्ष देतो. हा बदल खोटा नाही, फक्त तो लेझरने केलेला नाही. आणि तोच बदल स्वस्तात आणि जास्त टिकाऊ रीतीने घडवता येतो.

एक युक्तिवाद तुमच्यासमोर नक्की येईल: "त्या चाचण्यांत डोस कमी होता, आमचं मशीन जास्त पॉवरचं आहे." ५ मिलिवॉट म्हणजे व्याख्यानात फळ्यावर टिंब दाखवायच्या लेझर पॉइंटरएवढी ताकद. २० मिनिटांत एकूण ६ ज्यूल ऊर्जा होते. वर सांगितलेला जपानी ४० मिलिवॉटचा कोर्स ९ मिनिटांत जवळपास २२ ज्यूल देतो. म्हणजे जास्त पॉवर आधीच वापरून झाली आहे. दुसरं, या क्षेत्रातले लोकच सांगतात की डोस एका मर्यादेपलीकडे वाढवला तर परिणाम घटतो. मग निकाल आला नाही की कधी डोस कमी होता म्हणायचं, कधी जास्त. असा दावा कधीच हरू शकत नाही, आणि जो दावा हरू शकत नाही त्यावर मी पेशंटचे पैसे लावत नाही. "आमचा खरा लेझर आहे, एलईडी नाही" हेही ऐकाल. ऊतींमधून जाताना लेझरचा प्रकाश इतका विखुरतो की सगळ्या लहरी एका तालात असण्याची त्याची खासियत वाटेतच संपते.

घरच्या मशीनबद्दल एवढंच, की घरात नातवंडं असतील तर ते आणू नका. त्यात न दिसणारा इन्फ्रारेड लेझर असेल तर त्याकडे बघताना डोळा मिटत नाही, आणि इजा झाल्याचं उशिरा कळतं.

आता ते ४० हजार कुठे लावायचे. ऑडिओग्राममध्ये उंच पट्टीचं ऐकणं कमी निघालं (मागावरच्या माणसात ते निघणारच, असं मी जवळजवळ धरून चालते), तर श्रवणयंत्राची ट्रायल घ्या. विकत नाही, ट्रायल. दोन्ही कानांना, काही आठवडे, घरी आणि बाजारात वापरून. बाहेरचे आवाज मेंदूपर्यंत पुन्हा पोचायला लागले की तो आपली वाढवलेली संवेदनशीलता थोडी कमी करतो आणि किर्र आवाज मागे पडतो. सगळ्यांना तितकाच फायदा होत नाही, पण तो झाला नाही तरी सूनबाईचं बोलणं ऐकू येईल. लेझर फसला तर हातात काहीच उरत नाही. यंत्र महाग पडत असेल तर मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांच्या संस्थेत तपासणी होते, आणि केंद्र सरकारच्या एडिप योजनेत ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाची अट पूर्ण होत असेल तर यंत्र सवलतीत किंवा मोफत मिळतं. वडिलांचं ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड होतं का, तेही शोधा. गोंगाटाने आलेला बहिरेपणा हा कायद्यात नोंदलेला, कामामुळे होणारा आजार आहे. यंत्रमागावरच्या कितीतरी लोकांची नोंदच झालेली नसते, हे मला माहीत आहे, तरी विचारा.

रात्रीसाठी पूर्ण शांतता नको. पंखा चालू ठेवा, किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज हळू लावा. तो कानातल्या आवाजाहून किंचित कमीच असू द्या. झाकून टाकायचा नाही, त्यात मिसळू द्यायचा. झाकला तर मेंदूला त्याची सवय होत नाही. दिवसा झोप काढू नये, रात्री उशाला घड्याळ नको, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळण्यापेक्षा उठून बसावं. या गोष्टी साध्या वाटतात म्हणून लोक करत नाहीत. सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा, म्हणजे मानसोपचाराच्या एका प्रकाराचा. त्याने आवाज जात नाही, आवाजाचा जाच कमी होतो. मराठीतून ती देणारे मानसशास्त्रज्ञ मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे. व्हिडिओ कॉलवरून घेता आली तर बघा. "मानसोपचार" म्हटल्यावर वडील भडकतील. "झोपेसाठी" म्हणा, ते खोटंही नाही.

गोळ्यांबद्दल फार लिहीत नाही. चक्कर येत नसताना नुसत्या आवाजासाठी बीटाहिस्टिन (चक्करेवरचं औषध) देऊ नये, असं ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२० च्या सूचना सांगतात. अमेरिकन तज्ज्ञांनी २०१४ मध्येच गिंको, मेलाटोनिन आणि झिंक यांना नकार दिला. वडील सांधेदुखीसाठी वा हृदयासाठी काही घेत असतील तर त्याची यादी डॉक्टरांना दाखवा. ॲस्पिरिनच्या मोठ्या डोसनेही कान वाजतात. मात्र हृदयासाठी दिलेली छोटी गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

हे सगळं वाचूनही वडील म्हणाले, "एकदा करून तर बघू," तर भांडू नका. माझेही काही पेशंट करतात. फक्त आधी ऑडिओमेट्री आणि डाव्या कानाची तपासणी पूर्ण करा. टिनिटस (म्हणजे कानातला आवाज) हँडिकॅप इन्व्हेंटरी नावाची २५ प्रश्नांची, ० ते १०० गुणांची प्रश्नावली ऑडिओलॉजिस्टकडून भरून घ्या, आणि कोर्स संपल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा भरा, दवाखान्यातल्या खुर्चीत बसून नाही, तर घरी. सातपेक्षा कमी गुणांचा फरक हा फरक समजू नका. पैसे प्रत्येक सिटिंगला द्या. तीन सिटिंगनंतर काहीच वाटलं नाही तर थांबायची मुभा आहे का, हे पहिल्या दिवशीच विचारा. आणि श्रवणयंत्राची ट्रायल त्याच महिन्यात सुरू करू नका, नाहीतर फरक पडला तर तो कशामुळे पडला हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही सांगता येणार नाही.

ऑडिओग्राम झाला की दोन्ही कानांचे आकडे इथे लिहा, फोटो नको, नाव झाकून. बघून सांगते.